विद्युत् पुरवठा, पूरक (नांदेड व लातूर)

मुख्य वाहिनीवरील वीज खंडित झाली असता काम चालू ठेवण्यासाठी केलेल्या राखीव व्यवस्थेस पूरक विद्युत् पुरवठा म्हणतात. नांदेडचे पाणी गोदावरीवरील विष्णुपुरी जलाशयातून व लातूरचे मांजरा धरणातून पंपांनी उपसले जाते. त्यामुळे या शहरांत वीज गेली की काही काळाने नळही कोरडे पडतात. उंच टाकीतील साठा ही तेथील सर्वांत साधी पूरक व्यवस्था होय.

२००५ नंतर राज्यातील विजेची तूट वाढून भारनियमन तीव्र झाले. महावितरणने वीजहानी व देयकवसुली यांनुसार वाहिन्यांचे गट पाडले. हानी अधिक त्या गटाला अंधारही अधिक. याच काळात घरोघरी इन्व्हर्टर आणि रुग्णालये, दुकाने येथे डीझेल जनित्रे आली. बहुतेक ठिकाणी एकच संच असे व तो सुरू न झाल्यास दुसरा उपाय नसे.

समांतर जोडलेल्या लहान संचांनी हा धोका बराच घटतो. समजा, २०० केव्हीए शक्तीची गरज आहे आणि प्रत्येक संच शंभरांपैकी ९५ वेळा हमखास सुरू होतो. २०० केव्हीएचा एकच संच असल्यास वीस खंडांपैकी एकदा अंधार होईल. १०० केव्हीएचे तीन संच ठेवल्यास कोणतेही दोन पुरतात. पूर्ण भार न पेलण्याचा प्रसंग सुमारे १३८ खंडांत एकदाच येतो. शिवाय एक संच दुरुस्तीस काढला तरी सेवा थांबत नाही, आणि दोन बिघडले तरी उरलेल्या एकावर निदान शस्त्रक्रियागृह चालते.

मात्र संच परस्परांवर अवलंबून नाहीत, असे या हिशेबात गृहीत धरलेले असते. तिन्हींची डीझेल टाकी किंवा बदलकळ एकच असेल, तर तो खोटा ठरतो. याचे मोठे उदाहरण मराठवाड्यातच घडले. परळी वैजनाथ येथील औष्णिक केंद्रात २१० मेवॉ.चे तीन व २५० मेवॉ.चे दोन, असे १,१३० मेवॉ. क्षमतेचे पाच संच होते. फेब्रुवारी २०१३ मध्ये दुष्काळामुळे खडका बंधाऱ्याचे पाणी संपले आणि पाचही संच बंद करावे लागले. यंत्रे पाच, पाणी एकाच ठिकाणचे. २०१५ मध्ये हीच वेळ पुन्हा आली. या काळात मराठवाड्याला वीज मिळत राहिली ती राज्याच्या विद्युत् जालातील दूरच्या केंद्रांमुळे. लातूरच्या पाण्याला असे जाल नव्हते; मांजरा धरण आटल्यावर एप्रिल २०१६ पासून मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले.