साम्राज्यविस्तार आणि ख्रिस्तसभा : वसई व मराठवाडा

परभणी जिल्ह्यातील सोनपेठ हा परिसर औरंगाबाद धर्मप्रांताच्या क्षेत्रात येतो. येथील भाषा वसईप्रमाणेच मराठी. परंतु दोन्ही प्रदेशांत ख्रिस्ती धर्म निरनिराळ्या वाटांनी आला. आपला धर्म परकीय तोफांबरोबर आला, असे सरसकट म्हटले जाते तेव्हा हा भेद आपण ध्यानात घेतला पाहिजे.

१४५५ साली पोप निकोलस पाचवे यांनी पोर्तुगालच्या राजाला नवे प्रदेश जिंकण्याचा, इतकेच नव्हे तर तेथील लोकांना गुलाम करण्याचाही अधिकार मान्य केला. १४९४ च्या तोर्देसिलास करारान्वये स्पेन व पोर्तुगाल यांनी युरोपबाहेरील जग आपसांत वाटून घेतले. जग कोणाचे, हे जगाला विचारले गेले नाही! याच काळात 'पद्रुआदो' ही व्यवस्था दृढ झाली : राजाने चर्च बांधावीत, धर्मगुरूंचा खर्च सोसावा आणि त्याबदल्यात महागुरूंची नावे सुचवावीत. १५३४ साली गुजरातच्या सुलतान बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली. १७३९ साली चिमाजी आप्पांनी ती जिंकेपर्यंत तेथील ख्रिस्तसभा याच व्यवस्थेखाली होती.

रोमलाही राजसत्तेची ही पकड जाचू लागली. १६२२ साली पोप ग्रेगरी पंधरावे यांनी 'प्रोपागांदा फिदे' ही धर्मप्रसार परिषद स्थापन केली. तिचा दख्खनशी संबंध फार लवकर आला. गोव्यातील दिवाडी बेटावरील मातेउस दे कास्त्रो यांना गोव्यात गुरुदीक्षा नाकारण्यात आली, म्हणून ते रोमला गेले, तेथे धर्मगुरू झाले आणि १६३७ साली आदिलशाही मुलखासाठी व्हिकर अपॉस्टॉलिक नेमले गेले. पोर्तुगीज हद्दीबाहेर, डिचोलीस राहून त्यांनी कार्य केले. गोव्याच्या सत्ताधीशांनी त्यांना शत्रूच मानले. एतद्देशीय महागुरू आणि युरोपीय राजसत्ता यांचा हा संघर्ष आपल्या इतिहासात फारसा सांगितला जात नाही, ही खेदाची गोष्ट होय.

सोनपेठच्या बाजूस पोर्तुगीज सत्ता कधीच पोहोचली नाही. हा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. मराठवाड्यात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कार्य करू लागलेले संत फ्रान्सिस द सेल्स संघाचे फ्रेंच धर्मगुरू एका मुस्लिम राजाच्या राज्यात आले. त्यांच्या मागे स्वदेशाचे सैन्य नव्हते. अर्थात १७९८ पासून निजाम इंग्रजांच्या तैनाती फौजेच्या छायेत होता, त्यामुळे साम्राज्याची सावली येथेही नव्हती असे म्हणता येणार नाही. अमरावती धर्मप्रांतातून १९७७ साली औरंगाबाद धर्मप्रांत वेगळा झाला.

पंधराव्या शतकातील त्या आज्ञापत्रांवर उभारलेला 'शोधाचा सिद्धांत' आपल्या शिकवणुकीचा भाग नाही, असे व्हॅटिकनने ३० मार्च २०२३ रोजी अधिकृतपणे जाहीर केले.