वर्गाबाहेरच्या शिक्षणाचे मोजमाप

धुळे जिल्ह्यात पांझरा नदीच्या काठी फड पद्धती ही सिंचनाची जुनी व्यवस्था आहे. नदीवर बंधारा, त्यातून निघालेला पाट आणि पाटाखालच्या जमिनीचे मोठे भाग, म्हणजे फड. एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यायचे. पाणी शेतकऱ्याने स्वतः वळवायचे नाही. ते सर्वांनी मिळून नेमलेला पाटकरी देतो. नदीचे पाणी पाहून त्या वर्षी किती फड भिजतील याचा अंदाज बांधायचा आणि पाणी अपुरे असेल तर एखादा फड पडीक ठेवायचा, ही रीत. अंदाज चुकला तर उभे पीक वाळते. त्यामुळे या जाणकारीची परीक्षा शेतातच होते.

निसर्गाची मर्यादा ओळखून वागण्याच्या या गुणाला आज शाश्वततेचे कौशल्य म्हणतात. युरोपीय आयोगाने २०२२ मध्ये अशा बारा क्षमतांची यादी प्रसिद्ध केली. मग आपल्या विद्यापीठांनी आजवर काय मोजले?

१९५९ मध्ये चिंतामणराव देशमुख यांच्या अध्यक्षतेखालील समितीने महाविद्यालयात जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी नऊ महिने ते एक वर्ष सक्तीची राष्ट्रीय सेवा सुचवली. खर्च आणि इतर अडचणींमुळे ती अमलात आली नाही. पुढे के. जी. सैयदैन यांनी इतर देशांतील प्रयोगांचा अभ्यास करून ऐच्छिक सेवेची शिफारस केली. २४ सप्टेंबर १९६९ रोजी ३७ विद्यापीठांत ४०,००० विद्यार्थ्यांसह राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. खानदेशातील महाविद्यालये तेव्हा पुणे विद्यापीठाकडे होती. जळगावचे विद्यापीठ १९९० चे. योजनेचे माप होते वर्षाला १२० तास आणि एक विशेष शिबिर.

पुढचा टप्पा पर्यावरण शिक्षणाचा. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या निर्देशांनंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने सर्व पदवी शाखांसाठी सहा महिन्यांचा अभ्यासक्रम केला. त्यातील ५० तासिकांपैकी पाच क्षेत्रकार्याच्या होत्या आणि १०० पैकी २५ गुण त्याला होते. २०२० च्या शैक्षणिक धोरणानंतर क्षेत्रकार्याला श्रेयांक मिळू लागले. एका श्रेयांकाला सत्रात किमान ३० तास.

या साठ वर्षांत तास आणि अहवाल मोजले गेले. तास मोजणे सोपे आणि वादाला जागा न ठेवणारे असते. पण शंभर रोपे लावणाऱ्याला, त्यांतली किती तिसरा उन्हाळा पाहतील हे सांगता येते का, ते तासांवरून कळत नाही.

एक साधा प्रयोग करता येईल. रावेर-यावलच्या केळीच्या पट्ट्यात भूजल खाली गेले आहे. साक्रीकडे काळ्या खडकातील विहिरी उन्हाळ्यात आटतात. विद्यार्थ्याने ऑक्टोबरमध्ये एक विहीर निवडावी. दोरीला वजन बांधून पाण्याची पातळी मोजावी, मालकाशी बोलावे, कोणती पिके आहेत ते पाहावे आणि एप्रिलअखेर पातळी कुठे असेल ते कारणांसह लिहून बंद पाकिटात द्यावे. दर पंधरवड्याला नोंद ठेवावी. एप्रिलमध्ये पाकीट उघडावे.

येथे दोन अडचणी येतात. पहिली, सत्र दिवाळीच्या सुमारास संपते, विहिरीची परीक्षा मात्र उन्हाळ्यात असते. म्हणून गुण दोन्ही सत्रांत विभागावे लागतील आणि नोंदवही पुढच्या तुकडीकडे सोपवावी लागेल. दुसरी अडचण अधिक अवघड. अचूक अंदाजाला गुण दिले की आकडे जुळवून आणले जातील. म्हणून अंदाज का चुकला याच्या विवेचनाला गुण द्यावेत. शेजारी नवी कूपनलिका झाली, की एक पाणी जास्त दिले गेले, हे ज्याला शोधता आले तो शिकला.

अशा विवेचनाला गुण देताना शिक्षकाला स्वतःचा निर्णय वापरावा लागेल आणि त्याचे समर्थनही करावे लागेल. हजेरीपटापेक्षा हे काम कठीण आहे. पाच-दहा विहिरींपासून सुरुवात करायला मात्र कोणाची परवानगी लागत नाही.