गणितभीती

गणितभीती : आकडेमोड करताना, कधी तिच्या नुसत्या विचारानेही, मनावर येणारा ताण. रिचर्डसन व सुइन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९७२ मध्ये ती मोजण्यासाठी ९८ विधानांची श्रेणी तयार केली.

ही बुद्धीची उणीव नव्हे. हातचा लक्षात ठेवणारी तात्पुरती स्मृती चिंतेतच गुंतून पडते. घरी तोंडपाठ असलेला पाढा मग फळ्यापुढे आठवत नाही. मूल गणित टाळू लागते, सराव घटतो, भीती वाढते.

मराठीत संख्यानामांचीही अडचण आहे. ‘त्रेपन्न’ म्हणताना आधी तीन येतात, लिहिताना आधी पाच. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘एकवीस’सोबत ‘वीस एक’ असे वाचन आले आणि महाराष्ट्रभर वाद पेटला. जोडाक्षरी संख्यानामे लहान मुलांना जड जातात, अशी बालभारतीच्या गणित समितीच्या तत्कालीन अध्यक्ष मंगला नारळीकर यांची भूमिका होती. गदारोळात मुलांची ही अडचण बाजूला पडली, ती पडायला नको होती.

सरकारी मोजमापातही ही भीती दिसत नाही. उदाहरणार्थ, धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) २०१८ पासून नीती आयोगाच्या ‘आकांक्षित’, म्हणजे विकासात मागे राहिलेल्या, जिल्ह्यांत आहे. तेथील शिक्षणाची प्रगती मोजताना तिसरी, पाचवी व आठवीचे गणित तपासले जाते. गणिताची भीती त्या निर्देशकांत नाही.