वाकडच्या पोलिसांना जाब कुणी विचारायचा?

परवा वाकडमधल्या एका सोसायटीच्या बैठकीला गेलो होतो. विषय नेहमीचेच. रात्री रस्त्यावर बसणारी टोळकी, न दिसणारी गस्तीची गाडी आणि तक्रार केली की मिळणारं "बघतो". एक माजी नगरसेवक आले होते. पाणी, कचरा, ड्रेनेज यावर भडाभडा बोलले. पोलिसांचा विषय निघाला तसे हात वर केले, "ते खातं आमच्याकडं येत नाय."

मागून एक आजोबा म्हणाले, "मग कुणाकडं येतं?"

बैठक संपली, पण आजोबांचा प्रश्न डोक्यातून जाईना. म्हणून जरा मागं जाऊन बघू.

वाकड मूळचं मुळशी तालुक्यातलं गाव. गावचा बंदोबस्त पाटलाकडं. पाटीलकी वतनाची, बापाकडून लेकाकडं जाणारी. पाटील कुणी निवडून दिलेला नसायचा, पण गावातच राहायचा, म्हातोबाच्या यात्रेत समोर दिसायचा. चार लोक त्याला तोंडावर बोलू शकायचे. अर्थात सगळेच नाही. गावकुसाबाहेरच्या माणसाला ती सोय नव्हती, हे विसरून जुन्या काळाचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. पुढं 1967 च्या महाराष्ट्र ग्राम पोलीस कायद्याने पोलीस पाटील हा सरकारने नेमलेला माणूस झाला. नंतर वाकड महापालिकेत गेलं आणि ग्रामपंचायतही संपली.

आता मोठ्या पोलिसांचं. इंग्रजांनी 1861 साली पोलीस कायदा केला तो 1857 च्या उठावानंतर. हेतू उघड होता, पोलिसांनी सरकारचं ऐकायचं. 1919 च्या सुधारणांत शिक्षण, आरोग्य अशी खाती हिंदी मंत्र्यांना मिळाली. पोलीस मात्र 'राखीव' ठेवले, म्हणजे गव्हर्नरच्या हाती. त्याच काळात, 1921 साली, आपल्याच मुळशीत टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापट पुढं होते, मावळे शेतकरी तुरुंगात जात होते. तेव्हा कायदेमंडळात प्रश्न विचारता यायचा, पण पोलीस खातं सांभाळणारा माणूस लोकांनी निवडलेला नव्हता.

ते बदललं 1937 साली. मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांचं मंत्रिमंडळ आलं आणि कन्हैयालाल मुन्शी गृहमंत्री झाले. पोलीस पहिल्यांदाच मतदारांना जबाबदार असलेल्या माणसाच्या हाताखाली आले. तेही अर्धवट. मतदानाचा हक्क थोड्यांनाच होता. पोलिसांचे नियम बदलायचे तर गव्हर्नरचा शब्द शेवटचा होता.

मग सगळं छान झालं का? 7 नोव्हेंबर 1938 ला औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध मुंबईत कामगारांचा संप झाला. डॉ. आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट एकत्र उतरले होते. त्या दिवशी पोलिसांनी गोळीबार केला. या वेळी गृहमंत्री आपला, निवडून आलेला होता.

दुसरा दाखला घराजवळचा. 9 ऑगस्ट 2011. मावळात बऊरजवळ पवना बंद जलवाहिनीविरोधात शेतकरी द्रुतगती मार्गावर उतरले. पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकरी गेले. ते पाणी पिंपरी-चिंचवडला, म्हणजे आपल्याच नळाला यायचं होतं. तेव्हाही गृहमंत्री निवडून आलेलाच होता. चौकशी आयोग नेमला गेला, प्रकल्प थांबला. गेलेली माणसं परत आली नाहीत.

म्हणजे नुसतं 'निवडून आलेल्याच्या हाती' असून भागत नाही. हे सरकारी पातळीवरही कळलं होतं. आणीबाणीनंतर 1977 साली धर्मवीर यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय पोलीस आयोग बसला. अहवाल आले, कपाटात गेले. निवृत्त पोलीस महासंचालक प्रकाश सिंह 1996 ला सर्वोच्च न्यायालयात गेले आणि 22 सप्टेंबर 2006 ला निकाल लागला. राज्य सुरक्षा आयोग नेमा, अधिकाऱ्यांना ठरावीक मुदत द्या, पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी वेगळं प्राधिकरण करा, असे ते आदेश होते.

महाराष्ट्राने 2014 साली पोलीस कायद्यात दुरुस्ती केली. राज्य सुरक्षा आयोगाचे अध्यक्ष गृहमंत्रीच. सोबत विधानसभेचा विरोधी पक्षनेता. पण 2024 च्या निवडणुकीनंतर बराच काळ ती खुर्चीच रिकामी राहिली. न्यायालयाने तक्रार प्राधिकरण जिल्ह्याला सांगितलं होतं, आपल्या कायद्याने ते महसूल विभागाला केलं. आणि या सगळ्या रचनेत नगरसेवक, महापौर कुठंच नाहीत.

आता 2018 वर या. 30 जुलैला चाकणला आंदोलनाच्या वेळी जाळपोळ झाली. त्यानंतर पंधराच दिवसांनी, 15 ऑगस्टला, पिंपरी-चिंचवडचं स्वतंत्र पोलीस आयुक्तालय सुरू झालं. त्याची तयारी आधीपासूनच चालू होती. वाकड, हिंजवडी पुणे शहराकडून आले. चाकण, आळंदी, तळेगाव पुणे ग्रामीणकडून. फायदा झाला, नाही म्हणणार नाही. मोठा साहेब जवळ आला. पण आयुक्तालय आलं की जमावबंदी, तडीपारी असे दंडाधिकाऱ्याचे अधिकारही पोलिसांकडंच येतात. अधिकार वाढले, विचारणारा मात्र वाढला नाही. कायदा म्हणतो, एका जागी साधारण दोन वर्षं. आपल्या पहिल्या चार आयुक्तांपैकी एकालाही इथं दोन वर्षं पूर्ण झाली नाहीत. ते का, हे वाकडच्या माणसाने कुणाला विचारायचं? मार्च 2022 नंतर तर काही वर्षं महापालिकेतच प्रशासक होता. नगरसेवकसुद्धा नव्हते.

कुणी म्हणेल, मग पोलिसांवर निवडून आलेला माणूस नेमा. इंग्लंड-वेल्सने तेच केलं. 2012 साली पोलिसांवर देखरेखीला आयुक्त मतदानाने निवडले. मतदान जेमतेम 15 टक्क्यांच्या आसपास! वेल्समधल्या न्यूपोर्टच्या एका मतदान केंद्रावर एकही माणूस फिरकला नाही. 2025 मध्ये तिथल्या सरकारने ही पदं 2028 ला बंद करण्याचं जाहीर केलं.

आणि आपल्याकडं? स्थानिक पुढाऱ्याच्या हाती ठाणं दिलं तर काय होईल, हे चाकणच्या कंपन्यांच्या गेटवर भंगार आणि लेबरच्या ठेक्यांसाठी होणारी दादागिरी पाहिलेल्याला वेगळं सांगायला नको. गुन्हा कुणावर दाखल करायचा, हे फोनवरून ठरू नये.

पण हुकूम देणं वेगळं आणि हिशेब मागणं वेगळं. माझं म्हणणं एवढंच. दर तीन महिन्यांनी पोलिसांनी प्रभाग समितीसमोर उघड बसावं. तक्रारी किती आल्या, गुन्हे किती नोंदवले, गस्त किती वेळा झाली, पदं किती रिकामी आहेत, हे सांगावं. नगरसेवकाने आणि नागरिकांनी प्रश्न विचारावेत, तपासात मात्र नाक खुपसू नये. महापालिकेने ठराव करून शासनाकडं ही मागणी करायला कुणाची ना आहे?

पुढच्या वेळी उमेदवार दारात आला की रस्ता, पाण्यासोबत हेही विचारा. आजोबांना अजून उत्तर मिळालेलं नाही.