पिता कथेत उशिरा आला

'स्टार वॉर्स' या चित्रपटमालेची सारी कथा जॉर्ज लुकस यांनी आरंभापासूनच मनात आखून ठेवली होती, असे सर्रास सांगितले जाते. स्वतः लुकस यांच्या काही मुलाखतींनीही या समजुतीला बळ दिले. जुने मसुदे मात्र निराळी साक्ष देतात आणि आम्हांस तीच अधिक मोलाची वाटते.

१९७३ साली लिहिलेल्या पहिल्या आराखड्यावर अकिरा कुरोसावा यांच्या 'द हिडन फोर्ट्रेस' (१९५८) या जपानी चित्रपटाची दाट छाया होती. पुढे मसुद्यामागून मसुदे झाले. नायक ल्यूकचे आडनाव तर चित्रीकरण सुरू झाल्यावर 'स्टारकिलर'चे 'स्कायवॉकर' झाले. वृद्ध गुरू ओबी-वान याचा मृत्यू हाही १९७६ मध्ये, चित्रीकरण चालू असताना झालेला निर्णय. तो लुकस यांच्या तत्कालीन पत्नी, संकलक मार्शिया यांनी सुचविला होता. भूमिका करणारे ॲलेक गिनेस प्रथम नाराज झाले. (१९५६ मध्ये कॅथोलिक झालेल्या या इंग्रज नटाने पूर्वी पडद्यावर फादर ब्राऊनही साकारले होते.) कथेचे मात्र भलेच झाले. गुरू देहाने गेला, वाणीने शिष्यापाशी राहिला.

खरे वळण आले ते दुसऱ्या चित्रपटाच्या वेळी. ली ब्रॅकेट यांनी फेब्रुवारी १९७८ मध्ये पूर्ण केलेल्या मसुद्यात ल्यूकचे दिवंगत वडील आत्मरूपाने त्याला भेटतात. खलनायक डार्थ व्हेडर हा निराळाच इसम. पुढच्याच महिन्यात ब्रॅकेटबाई निवर्तल्या. मग लुकस स्वतः लिहावयास बसले आणि त्या लेखनात व्हेडर हाच ल्यूकचा पिता ठरला. हे गुपित इतके जपले गेले की चित्रीकरणात व्हेडरच्या मुखी खोटेच वाक्य घातले होते. खरे वाक्य मागाहून ध्वनिमुद्रित झाले.

या निर्णयाची किंमतही मोजावी लागली. व्हेडरनेच तुझ्या पित्याला मारले, असे पहिल्या चित्रपटात सांगणाऱ्या गुरूला १९८३ च्या तिसऱ्या चित्रपटात सारवासारव करावी लागते. ती आम्हांस आजही लंगडी वाटते. तरीही त्याच चित्रपटात पुत्र शस्त्र टाकतो, पतित पित्याला सोडून देत नाही आणि पिता स्वतःच्या प्राणाचे मोल देऊन त्याला वाचवितो. १९७७ मध्ये हा प्रसंग संभवतच नव्हता, कारण तेव्हा व्हेडर केवळ मारण्याजोगा शत्रू होता.

१९७७ च्या मूळ प्रतीत 'भाग चौथा' हे शब्दही नव्हते. ते १९८१ च्या पुनःप्रदर्शनात जोडले गेले.