पावती मागायची कुणाकडे?

बुलढाणा जिल्ह्यातलं शेगाव म्हटलं की आधी गजानन महाराजांचं मंदिर आठवतं. तिथेच १९८३ साली अभियांत्रिकी महाविद्यालय उघडलं. वसंतदादा पाटलांच्या सरकारने तेव्हा राज्यात विनाअनुदानित महाविद्यालयांना परवानगी दिली होती. गावाजवळ इंजिनिअरिंग आलं, हा लाभ मोठाच. पण अनुदान नाही, तर खर्च कुणाच्या खिशातून? राज्यात देणग्यांची ओरड वाढली, तेव्हा १९८७ साली कॅपिटेशन फीबंदीचा कायदा आला. घेतलेल्या शुल्काची अधिकृत पावती देणं त्याने बंधनकारक केलं. आता बेकायदा रक्कम घेणारा पावती देईल कशाला? पालकाच्या हाती पुरावाच नसे. २००५ मध्ये इनामदार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कॅपिटेशन फी निषिद्धच ठरवली, शुल्क-नियंत्रणही मान्य केलं. महाराष्ट्रात शुल्क नियामक प्राधिकरणाचा कायदा व्हायला मात्र २०१५ साल उजाडलं.