नानांचा गेलेला जॅकपॉट

आमच्या घरात एक जुना खटला आहे. फिर्यादी नानाकाका, आरोपी काकू. साल २००६. दोघं अमेरिकेत आमच्याकडे आली होती आणि मी त्यांना गाडीने लास वेगासला घेऊन गेलो होतो. नाना पाव डॉलरच्या एका स्लॉट मशीनसमोर तब्बल तीन तास बसले. काकू भुकेने कासावीस झालेली. शेवटी तिने येऊन खांद्याला हात लावला, "अहो, चला आता, जेवण बंद होईल." नाना उठले. चार पावलं गेले नसतील तोच मागे घंटा वाजली. त्यांच्या खुर्चीवर बसलेल्या एका बाईंना हजार डॉलर लागले!

तेव्हापासून आजतागायत कुठल्याही लग्नात, मुंजीत, पंगतीत विषय निघाला की नाना म्हणतात, "मशीन मी भरलं, लोणी तिने खाल्लं. हिने उठवलं नसतं तर..." आणि काकू गप्प बसते. गंमत म्हणून सुरू झालेलं हे, पण परवाच्या फोनवर लक्षात आलं की काकूला ते अजूनही लागतं. म्हणून हा लेख. (नानांची परवानगी विचारलेली नाही, काकूची घेतली आहे :))

नानांचं म्हणणं अगदीच वेडेपणाचं आहे असं नाही. या यंत्रांबद्दलच्या बहुतेक गैरसमजुती एकेकाळी थोड्याफार खऱ्या होत्या. यंत्र बदललं, समजुती तशाच राहिल्या. ते कसं, यासाठी जरा मागे जावं लागेल.

१८९१ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात सिटमन आणि पिट या कंपनीने एक पत्त्यांचं यंत्र काढलं. पाच नळकांड्यांवर पत्ते चिकटवलेले, नाणं टाकायचं, दांडा ओढायचा आणि पोकरचा हात जमतो का ते बघायचं. बक्षीस पैशात नाही, दारूच्या गुत्त्यात फुकट बिअर किंवा सिगार. आता खरी मेख ऐका. पत्ते बावन्न नव्हते, पन्नास होते. बहुधा इस्पिकची दश्शी आणि बदामाचा गुलाम हे दोन काढलेले असत. दोन पत्ते कमी केले की सर्वांत मोठा हात जमायची शक्यता निम्मी! खेळणाऱ्याला नळकांडी दिसत होती, पण न दिसणारे दोन पत्ते कोण मोजणार?

मग आला सॅन फ्रान्सिस्कोचा चार्ल्स फे. मूळचा जर्मनीतल्या बव्हेरियाचा, हाडाचा कारागीर. त्याच्या 'लिबर्टी बेल' यंत्राचं साल कोणी १८९५ देतं, कोणी १८९९. तीन चक्रं, त्यांवर घोड्याची नाल, चौकट, इस्पिक, बदाम आणि तडा गेलेली स्वातंत्र्याची घंटा. तीन घंटा जुळल्या की पाच सेंटची दहा नाणी, म्हणजे पन्नास सेंट. हा त्या काळचा जॅकपॉट! प्रत्येक चक्रावर दहा जागा, म्हणजे १० × १० × १० = १००० जुळण्या. निवांत बसून मोजलं तर सगळं गणित बाहेरून कळत होतं. १९०६ च्या भूकंपात आणि त्यानंतरच्या आगीत फेचा कारखाना गेला. शिकागोच्या हर्बर्ट मिल्सने १९०७ च्या सुमारास त्याच धर्तीचं यंत्र बाजारात आणलं, आणि चक्रावरच्या जागा दहाच्या वीस झाल्या. जुळण्या एकदम ८०००. यंत्र दिसायला तेच, गणित मात्र आठपट.

चेरी, लिंबू, संत्री ही फळं कुठून आली हा प्रश्न मला लहानपणापासून होता (हिंदी सिनेमात बघून). जुगारावर बंदी आली तेव्हा ही यंत्रं 'आम्ही च्युइंगगम विकतो' असा आव आणू लागली. फळं म्हणजे गमचे स्वाद. आणि तो काळा 'बार' म्हणजे गमच्या वेष्टनावरची खूण. जुगारबंदीतून पळवाट काढण्यात माणूस सगळीकडे सारखाच हुशार. आपल्याकडचा मटका नाही का न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराच्या आकड्यांवर सुरू झाला!

या लोखंडी यंत्रांच्या काळात मात्र नानांच्या समजुतींना आधार होता. जॅकपॉटची नाणी समोर काचेआड साचताना दिसायची. ढीग मोठा झाला की बक्षीस खरंच मोठं होई. दांडा ओढण्याच्या लकबीलाही अर्थ होता. यंत्राच्या आत घड्याळासारखी चाकं असत, आणि १९४० च्या दशकाच्या अखेरीस नेवाडात काही लोकांनी दोन ओढींमधलं अंतर नेमकं साधून ती अक्षरशः वाजवायला घेतली. त्यांना 'ऱ्हिदम'वाले म्हणत. कंपन्यांना यंत्रांत दुरुस्ती करावी लागली. म्हणजे 'हात बसला की मशीन देतं' ही समजूत काही वर्षं सोळा आणे खरी होती.

१९६३ मध्ये बॅली कंपनीने 'मनी हनी' काढलं. आत वीज आली, आणि दांडा हा नुसता एक खटका उरला. जोरात ओढा, हळू ओढा, डाव्या हाताने ओढा, यंत्राला काही कळत नाही. तरी कंपन्यांनी दांडा कित्येक वर्षं ठेवला, कारण लोकांना तो हवा होता. १९७६ मध्ये लास वेगासमध्ये टीव्हीच्या पडद्यावरचं 'फॉर्च्युन कॉइन' आलं. लोकांचा आधी विश्वासच बसेना, की समोर फिरणारी वस्तू नाही तर हे खरं कसं?

खरा बदल मात्र १९८४ सालचा. इंगे टेलनेस नावाच्या माणसाला त्या वर्षी एक पेटंट मिळालं. त्याची कल्पना वरवर साधी होती. चक्र कुठे थांबायचं हे चक्राने ठरवायचं नाही. आत एक संगणक अखंड आकडे काढत राहील. तुम्ही बटण दाबाल त्या क्षणी जे आकडे असतील ते ठरवतील, आणि चक्रं नुसती तिथे जाऊन उभी राहतील. समजा चक्रावर दिसणाऱ्या जागा २२ आहेत. तीन चक्रांच्या जुळण्या १०,६४८. पण आतल्या अदृश्य चक्राला ६४ जागा दिल्या आणि मोठ्या चिन्हाला त्यातली एकच, तर ६४ × ६४ × ६४ = २,६२,१४४. खेळणारा दहा हजारांत एक समजून खेळतो आणि प्रत्यक्षात अडीच लाखांत एक असतो. मिनिटाला दहा डाव या वेगाने तेवढे डाव खेळायला अठरा दिवस आणि रात्री लागतील, न जेवता. खेळणाऱ्याला शक्यता प्रत्यक्षापेक्षा जास्त वाटली पाहिजे, हे त्या पेटंटमध्येच सरळ मांडलेलं आहे. ब्रुकलिनचे ते दोन पत्तेच हे, फक्त आता संगणकात दडवलेले.

याचाच दुसरा भाग जास्त क्रूर वाटतो मला. मोठ्या चिन्हाच्या लगेच वरच्या आणि खालच्या रिकाम्या जागांना भरपूर आकडे दिले, की ते चिन्ह सारखं रेषेच्या जरासं वर किंवा जरासं खाली थांबतं. "अगं, थोडक्यात हुकलं!" हे वाक्य नानांनी त्या तीन तासांत किती वेळा म्हटलं असेल! हुकलेलं काहीच नव्हतं. एका कंपनीने याच्याही पुढे जाऊन, डाव हरलेला ठरल्यावर मुद्दाम 'थोडक्यात हुकलेलं' चित्र दाखवायची सोय केली होती. ती १९८९ मध्ये नेवाडाच्या नियामकांनी नाकारली. पण अदृश्य चक्रांची पद्धत चालू राहिली.

आता खटल्याकडे. नाना, तुम्ही कागदी रुमालावर चिन्हं लिहून ठेवत होता, मटक्याच्या चार्टसारखी. त्या यंत्राला मागचा डाव आठवत नाही. तुम्ही भरलेले पैसे त्याच्या पोटात 'साचून' जॅकपॉट पिकला नव्हता. आतले आकडे सेकंदाला शेकड्यांनी बदलत असतात, आणि त्या बाईंनी ज्या निमिषात बटण दाबलं त्या निमिषात तो आकडा होता. तुम्ही खुर्चीवर राहिला असतात तर तुमचं बोट त्याच निमिषाला पडलं असतं का? तुम्ही तर प्रत्येक डावाआधी चष्मा वर करत होता. काकूने हाक मारली नसती तर बहुधा अजून एक तास गेला असता आणि अजून तीसेक डॉलर.

तीसेक कसे? पाव डॉलरची तीन नाणी, म्हणजे डावाला पाऊण डॉलर. तासाला सहाशे डाव, म्हणजे साडेचारशे डॉलर तुम्ही फिरवता. यंत्र शंभरातले ९२ परत देतं असं धरलं तरी तासाला ३६ डॉलर त्याचे. तीन तासांचे १०८. तुमचे १२० गेले होते! बघा, यंत्राने किती प्रामाणिकपणे काम केलं. '९२ टक्के परत' याचा अर्थ शंभर घेऊन गेलो की ब्याण्णव घेऊन परत येऊ असा होत नाही. जिंकलेले पुन्हा पुन्हा घातले जातात आणि दर फेरीला आठ टक्के झिजतात. (नेवाडात कायद्याने किमान ७५ टक्के परत द्यावे लागतात, न्यू जर्सीत ८३.)

या डिसेंबरात मंडळी गोव्याला निघाली आहेत असं कळलं. महाराष्ट्रात कॅसिनोचा कायदा १९७६ मध्ये झाला, पण कधी लागूच झाला नाही आणि २०२३ मध्ये सरकारने तो रद्द करायचं ठरवलं. गोव्याने मात्र १९९२ मध्ये पंचतारांकित हॉटेलांत स्लॉट मशीनना परवानगी दिली, आणि १९९६ मध्ये जहाजांवरच्या जुगाराला. मांडवीतल्या बोटींवर नाना जाणार हे उघड आहे, तेव्हा जा म्हणतो. फक्त तेवढेच पैसे खिशात न्या जेवढे नाटकाच्या तिकिटावर घालवाल, कार्ड काकूकडे द्या. बटण हळू दाबा, कारण हळू खेळणं हीच एक बचत आपल्या हातात असते. एका पैशाचं यंत्र दिसलं तर हुरळू नका. तिथे एका डावात चाळीस-पन्नास रेषांवर पैसे लागतात, आणि नेवाडाचे आकडे बघितले तर सगळ्यात कमी परत देणारी यंत्रं तीच. आणि अमेरिकेत परत आलात आणि खरंच मोठा जॅकपॉट लागला, तर परदेशी पाहुण्याचे तीस टक्के करापोटी जागेवरच कापून घेतात. म्हणजे त्या बाईंच्या जागी तुम्ही असतात तरी हजारातले पूर्ण हजार घरी आले असते असं धरू नका.

काकू, हे वाचून झालं की नानांना मोठ्याने वाचून दाखव. चष्मा सापडत नाही म्हणतील, तो डोक्यावर असतो.